आपोआप चालणारा हात

पियानो शिकविण्याच्या शास्त्रावर गेल्या सव्वाशे वर्षांत युरोप-अमेरिकेंत जे ग्रंथ झाले, त्यांत एक मत वारंवार डोकें वर काढतें. तें मत असें: वादकानें बोटांकडे लक्ष देऊं नये, हात मोकळा सोडावा, शरीराची जी स्वाभाविक गति आहे तीस वाव दिला म्हणजे वादन आपोआप साधतें. हें ऐकावयास गोड आहे, आणि ज्यांनीं लहानपणीं धाकाखालीं सरगम घोटली त्यांस तर तें सुटकेच्या वार्तेसारखें वाटेल. आम्ही त्यांतलेच एक असल्यामुळें या मताकडे मोठ्या आशेनें वळलों. त्यांत खरें किती आणि अपुरें किती, याचा विचार येथें करावयाचा आहे. पियानो आमच्या मराठी घरांत विरळा. पण तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची बाजाची पेटी गांवोगांवच्या देवळांत आहे. म्हणून पियानोवरील हा सिद्धांत आम्ही पेटीवर घांसून पाहणार आहों. आणि तसें करण्याची बुद्धि आम्हांस आटगांव येथील एका भजनांत झाली.

या मताचा जन्म एका जुलमाच्या प्रतिक्रियेंतून झाला, हें प्रथम सांगितलें पाहिजे. 1814 सालीं डब्लिन येथील लोजिए नांवाच्या संगीतशिक्षकानें एका यंत्राचें पेटंट घेतलें. पियानोच्या पट्ट्यांसमोर एक चौकट बसवावयाची, तींतील दोन दांड्यांमध्यें विद्यार्थ्याचें मनगट अडकवावयाचें, आणि प्रत्येक बोटास स्वतंत्र खोबण द्यावयाची, अशी ती योजना होती. हात हलतां कामा नये, बोटें तेवढीं उठावीं, हें त्या काळचें ध्येय. पुढें शूमान या थोर रचनाकारानें तरुणपणीं बोटांस बळ आणण्यासाठीं एका यांत्रिक साधनाचा प्रयोग केला, आणि 1832 च्या सुमारास त्याचा उजवा हात मैफलीच्या वादनास निरुपयोगी झाला. हानीचें खरें कारण तें साधन कीं दुसरें कांहीं, यावर चरित्रकारांचें एकमत नाहीं. परंतु बोटांस जितकें कोंडावें तितकें वादन सुधारतें, ही त्या युगाची समजूत त्यावरून स्पष्ट दिसते.

ही समजूत आमच्याकडेही पोहोंचली होती. आमच्या बालपणींचे पेटीचे शिक्षक हाताच्या पाठीवर एक नाणें ठेवीत. अलंकार संपेपर्यंत तें पडूं द्यावयाचें नाहीं; पडलें तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. आम्ही नाणें न पडूं देण्यांत प्रवीण झालों. दहाही थाट वहींत उतरले, अलंकार बिनचूक वाजूं लागले. परंतु सायंकाळीं आई देवापुढें अभंग म्हणूं लागली कीं तो आम्हांस पेटीवर धरतां येत नसे. वही उघडल्यावांचून हात पुढें जात नसे, आणि वहींतला षड्ज व आईचा षड्ज यांची गांठ कधीं पडत नसे. ही उणीव आमची पन्नाशी उलटली तरी गेली नाहीं. आई आतां नाहीं.

असो. स्वाभाविक गतीच्या पंथाचे आचार्य अनेक आहेत. त्यांपैकीं लंडनचे टोबायस मॅथे यांचा ग्रंथ 1903 सालीं आणि जर्मनींतील ब्राइटहाउप्ट यांचा 1905 सालीं निघाला. बोटांनीं ठोकण्याऐवजीं बाहूचा सहज भार पट्टीवर येऊं द्यावा, सांधे आंवळूं नयेत, असें या दोघांच्या उपदेशाचें सार ढोबळपणें सांगतां येईल. या उपदेशानें पुष्कळांचे हात वांचले यांत शंका नाहीं. पण शिष्यांनीं नेहमींप्रमाणें गुरूंच्या एक पाऊल पुढें जाऊन 'सर्व अंग सैल सोडा' असा मंत्र केला. त्याचें खंडन बाल्टिमोर येथील ऑटो ऑर्टमन यांनीं 1929 सालच्या आपल्या ग्रंथांत प्रयोगांनीं केलें. त्यांनीं वादकांच्या हालचाली उपकरणांनीं नोंदल्या, आणि सांधा कांहीं प्रमाणांत स्थिर झाल्यावांचून बोटाचा जोर पट्टीपर्यंत पोहोंचतच नाहीं, हें दाखविलें. संपूर्ण सैल हात म्हणजे लोंबणारा हात. तो वाजवीत नाहीं.

यापुढचा टप्पा लुइजी बोनपेन्सिएरे यांचा. त्यांचें पुस्तक 1953 सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें आणि त्यास ऑल्डस हक्स्ले यांची प्रस्तावना लाभली. बोनपेन्सिएरे स्नायूंची चर्चाच बाजूस सारतात. वादकानें हालचालीची इच्छा करूं नये, स्वराची इच्छा करावी; इच्छिलेला स्वर काढण्यास लागणारी हालचाल शरीर स्वतः शोधून काढील, असें त्यांचें म्हणणें. हें गूढवादासारखें भासतें खरें. पण त्यांतील मध्यवर्ती कल्पनेस पुढें दुसऱ्याच क्षेत्रांतून पाठिंबा मिळाला. गाब्रिएले वुल्फ आणि त्यांचे सहकारी यांनीं 1998 सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावर घसरण्याच्या खेळाचा सराव देणाऱ्या यंत्रावर कांहीं जणांना आपल्या पायांकडे लक्ष द्यावयास सांगितलें, आणि कांहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगलें शिकले. अंगाकडे न पाहतां अंगानें घडणाऱ्या परिणामाकडे पाहणें हितावह, एवढें त्यावरून निघतें.

मग प्रश्न असा उरतो, कीं हा परिणाम वादकाच्या मनांत आधीं येतो कोठून? ज्या स्वराची इच्छा करावयाची तो स्वर शिकाऊ मुलाजवळ कोणीं आणून ठेवावयाचा? या ग्रंथांचें वाचन करीत असतां आम्हांस ही उणीव अंधुक जाणवत होती. ती स्पष्ट झाली ती आटगांवीं.

मध्य रेल्वेनें कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना आसनगांव मागें पडलें कीं आटगांव येतें. शहापूर तालुक्यांतील हें गांव. एका अंगास माहुलीच्या किल्ल्याचे सुळके, आणि 1892 पासून मुंबईस पाणी देणारा तानसा तलावही याच मुलुखांत. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून गेल्या माघांत तेथील सप्ताहास जाण्याचा योग आला. रात्रीं भजन होतें. पेटीवर बसलेले गृहस्थ साठीच्या आसपासचे, भातशेती करणारे. बुवांनीं नामघोष करून रूपाचा अभंग धरला. षड्ज काळी एकचा. पेटीवाल्यांची नजर पट्ट्यांकडे एकदांही गेली नाहीं. मध्येंच त्यांनीं मानेनें पखवाजवाल्यास लय आवरण्याची खूण केली, शेजारच्या टाळकऱ्यानें पुढें केलेला पाण्याचा तांब्या डोळ्यांनींच नाकारला. उजवा हात चालूच. पुढें एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानें गौळण म्हटली. त्याचा आवाज उंच, षड्ज काळी चारचा. पेटी एक क्षण थांबली, भाता एकदां हलला, आणि हात त्या नव्या जागीं असा रुळला कीं जणू तो तेथेंच वाढला होता.

भजन संपल्यावर आम्हीं त्यांना विचारलें, "तुम्ही बोटांकडे बघतच नाहीं. चुकत कसें नाहीं?"

ते हंसले. "बोटांकडे कशाला बघायचं, सर? बुवांच्या तोंडाकडे बघायचं."

मग त्यांनीं आम्हांसच आग्रह करून पेटीवर बसविलें. मुलानें तीच गौळण काळी चारवर पुन्हा धरली. चाल आमच्या कानास पूर्ण परिचयाची. तरी पहिल्या ओळीच्या उत्तरार्धांत आमचा हात अडखळला आणि तेथेंच थांबला. आईच्या देवघरांत तो जेथें थांबत असे तीच ती जागा. गृहस्थांनीं हळूच म्हटलें, "आधीं म्हणा, सर. मग हात ठेवा." स्वतःचें शिक्षण कसें झालें तेंही त्यांनीं सांगितलें. लहानपणीं आठ-दहा वर्षें ते टाळ घेऊन भजनांत उभे राहत. सगळीं भजनें तोंडपाठ झालीं. त्यानंतर एका पावसाळ्यांत जुनी पेटी हातीं आली, आणि जें तोंडांत होतें तें बोटांनीं शोधलें. नाणें नव्हतें आणि वही नव्हती.

आतां या दृश्याचा शांतपणें विचार करूं. प्रथम, पियानो आणि पेटी यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पियानोंत पट्टी दाबतांच हातोडी तारेवर आदळून परत फिरते. आघाताच्या वेगावर आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो, आणि नंतर त्या नादावर वादकाची सत्ता फारशी उरत नाहीं. म्हणूनच बाहूचा भार, बोटाचा स्पर्श यांवर तेथें ग्रंथच्या ग्रंथ झाले. पेटींत पट्टी हलकेच दाबा कीं जोरानें दाबा, आवाज भात्याच्या वाऱ्यावर अवलंबून. आणि बोट जागेवर आहे तोंवर स्वर टिकतो. म्हणजे पेटींत बोट कसें पडतें यापेक्षां तें केव्हां उठतें यास महत्त्व अधिक. पहिला स्वर पुढील स्वर उमटेपर्यंत किंचित् धरून ठेवावयाचा आणि त्याच वेळीं भाता आवरावयाचा, यांत मिंडेचा निदान भास तरी होतो. पेटीला मींड नाहीं हा आक्षेप खराच आहे. अशाच आक्षेपांवरून 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीनें तीस दार बंद ठेवलें होतें. पण तो आक्षेप वाद्यावरचा झाला. आटगांवच्या त्या गृहस्थांच्या डाव्या हातांतील भाता गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर हलत होता, आणि तें कोणत्याही ग्रंथांतील भारसिद्धांतानें शिकवितां आलें नसतें.

दुसरा मुद्दा अधिक निर्णायक आहे. हात आपोआप चालतो म्हणजे त्याला एक वाट पाठ झालेली असते, असें सामान्यतः मानतात. पण पेटीवाल्याच्या हातास पाठ झालेली वाट कोणती? षड्ज काळी एकवर असतां शुद्ध गंधार पांढरी चारवर पडतो. षड्ज काळी चारवर नेला कीं तोच गंधार पांढरी एकवर जातो. आणि ही पांढरी एक पहिल्या षड्जाला शुद्ध निषाद होती! एकाच पट्टीचें नांव बदललें, नातें बदललें, बोटाची चाल बदलली. पाठ केवळ हातानें केलेलें असतें, तर षड्ज हलतांच तें नाहींसें झालें असतें. आमचें झालें तसें. पेटीवाल्यांचें टिकलें, कारण तें गळ्यांत होतें. हात प्रत्येक वेळीं गळ्यास विचारून नवी वाट काढीत होता, इतकेंच. आणि तें इतक्या त्वरेनें कीं आम्हांस तें आपोआप घडल्यासारखें दिसलें.

येथें शोपँची एक गोष्ट आठवते. तो आपल्या शिष्यांना पहिल्यानें सर्व पांढऱ्या पट्ट्यांचें सप्तक देत नसे. तें त्याच्या मतें सर्वांत कठीण. आमच्या पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर तो पांढरी सातवर षड्ज धरून आरंभ करी. त्या सप्तकांत पांचही काळ्या पट्ट्या येतात. लांब बोटें उंच काळ्या पट्ट्यांवर व आंखूड अंगठा पांढरीवर अशी हाताची घडण जशीच्या तशी वाद्यावर बसते. आमच्याकडे पुरुषांचा नेहमींचा षड्ज जो काळी एक, त्याच्याही शुद्ध स्वरांत पांचही काळ्या पट्ट्या येतात. हा योगायोग आहे. तो कंठाच्या सोयीनें घडला, हाताच्या सोयीनें नव्हे. पण त्यामुळें आमच्या भजनी पेटीवाल्यांचा आरंभ नकळत हाताला अनुकूल अशा जागेवरून होतो, आणि आमच्या शिकवणीच्या वर्गांत मात्र पांढरी एकपासून सुरुवात करून मुलाचा हात पहिल्याच दिवशीं अवघड जागीं ठेवला जातो. स्वाभाविक गतीच्या पंथाचा हाताच्या सोयीवरील भर येथें आम्हांस मान्य आहे.

तथापि एका पारड्यांत सगळें वजन टाकून चालणार नाहीं. पियानोवर दोन्ही हात निरनिराळे स्वरप्रवाह चालवितात. बाखची चार पदरी रचना कोणी एकट्यानें गाऊन दाखवूं शकत नाहीं. तेथें 'आधीं म्हणा' हा उपदेश अपुरा पडतो, आणि बोटांचें स्वतंत्र शिक्षण अपरिहार्य होतें. खुद्द आटगांवच्या गृहस्थांची करंगळी रात्रभर रिकामी होती; जलद तान आली कीं तीन बोटांवर सगळा भार पडे आणि स्वर एकमेकांत मिसळत. चांगल्या शिक्षकानें सहा महिन्यांत ही खोड काढली असती. शिस्तीचा आम्हीं लहानपणीं छळ सोसला म्हणून शिस्तच व्यर्थ, असें म्हणण्याचा मोह आम्ही टाळूं इच्छितों.

याहून मोठा धोका निराळाच आहे. जो हात आपोआप चालतो तो कधींकधीं आपलेंच चालवितो. प्रत्येक ओळीच्या शेवटीं त्या गृहस्थांचा हात एकच लहानशी लकेर भरीत असे. ती गोड होती. पण सातव्या-आठव्या वेळीं ती हाताची संवय आहे, मनाची निवड नाहीं, हें कळूं लागलें. एकदां बुवांनीं ओळ संपतां संपतां अनपेक्षित वळण घेतलें आणि पेटी आपल्या जुन्या लकेरीवर पुढें निघून गेली. क्षणभरच; गृहस्थांनीं हात उचलला, मान लवविली, आणि बुवांचें वळण पुरें होईपर्यंत ते नुसता षड्ज धरून बसले. त्या रात्रींच्या वादनांत आम्हांस सर्वांत जास्त आवडलेला क्षण हाच. हात चालणें हें निम्मेंच शिक्षण होय. तो चालूं लागल्यावर त्यास थांबवितां येणें हें उरलेलें. साथ करणाराचा तर तो धर्मच आहे.

महाराष्ट्रांत पेटीला मैफलीचा मान मिळवून देणाऱ्यांत कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे (1881-1955) यांचें नांव अग्रगण्य आहे. पेटीचें रीतसर शिक्षण त्यांस फारसें मिळालें नव्हतें. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांचें गाणें ऐकून त्यांचा हात घडला. 1911 सालीं रंगभूमीवर आलेल्या 'मानापमान' नाटकाला त्यांनीं ज्या चाली दिल्या, त्यांत पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा रंग मराठी नाट्यपदांत आणला. ज्याचा हात संवयीचा गुलाम आहे त्याच्याकडून अशी नवी चाल निघणें कठीण. कारण नवी चाल प्रथम कानांत यावी लागते आणि हाताला तिच्यामागें फरफटत जावें लागतें. त्यांच्या आत्मपर ग्रंथाचें नांव 'माझा संगीत-व्यासंग' आहे, 'माझा पेटी-व्यासंग' नव्हे, हेंही लक्षांत घेण्यासारखें आहे.

या दृष्टीनें आजच्या शिक्षणाकडे पाहिलें म्हणजे चिंता वाटते. नाणें गेलें, हें ठीक झालें. पण त्याच्या जागीं पट्ट्यांवर चिकटविलेलीं अक्षरें आलीं. पडद्यावर रंगीत ठोकळे खालीं उतरतात, आणि ते जेथें टेकतील तेथें मुलानें बोट ठेवावयाचें. विजेवरील कीबोर्डास एक बटण असतें. तें दाबलें कीं हात न हलवितां षड्ज सरकतो. मूल पंधरा दिवसांत एक गाणें वाजवूं लागतें, पाहुण्यांसमोर कौतुक होतें, आईबाप समाधान पावतात. हें सर्व स्वाभाविक, सहज, श्रमावांचून शिकविण्याच्या नांवाखालीं चाललें आहे. परंतु येथेंही मूल डोळ्यांनीं हात चालवितें. नाण्याच्या जागीं ठोकळा आला एवढाच फरक. घरांतलें कोणी गाऊं लागलें तर त्या मुलास त्याच्यामागें जातां येतें काय, ही साधी परीक्षा पालकांनीं करून पाहावी.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. स्वाभाविक गतीच्या पुरस्कर्त्यांनीं हात मोकळा केला, हे त्यांचे उपकार. पण मोकळ्या हातास जावयाचें कोठें, हें त्यांनीं गृहीत धरलें. कारण हे ग्रंथ ज्यांच्यासाठीं लिहिले गेले त्यांच्या कानांत संगीत आधींच भरलेलें असावें. शिकाऊ मुलाच्या बाबतींत तो भाग प्रथम आला पाहिजे. मुलानें चाल आधीं म्हणावी, पेटीला हात न लावतां. मग ती एका षड्जावर शोधावी, लगेच दुसऱ्यावर न्यावी. बोटें कोणतीं व कशीं हें त्यानंतर शिक्षकानें नीट करून द्यावें. आणि ओळीच्या मध्यावर 'थांब' म्हटल्याबरोबर थांबण्याची संवय लावावी. हा क्रम नवा नाहीं. आटगांवच्या देवळांत तो चालू आहे. फक्त तेथें तिसऱ्या पायरीस शिक्षक मिळत नाहीं, आणि शहरांत पहिल्या पायरीस वेळ मिळत नाहीं.

परत आल्यापासून आम्ही आईच्या नित्याच्या अभंगांपैकीं एक रोज सकाळीं म्हणतों आणि मग पेटी उघडतों. वही कपाटांत आहे. काळी एकवर तो आतां सरळ वाजतो. आईचा षड्ज काळी चार. त्यावर अद्याप दुसऱ्या ओळीशीं हात चाचपडतो. पुढील माघांत आटगांवीं पुन्हा जावयाचें ठरलें आहे.